चक्राकार ओरखडे आणि मशिन पॉलिशिंग: नव्याने शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात स्वतःच्या गाडीचे पॉलिश स्वतःच करू पाहणाऱ्यांची संख्या वाढत आहे. हौस आणि मशिन दोन्ही हाताशी असली तरी सुरुवात कोठून करावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे थांबावे, याविषयी बहुतेकांच्या मनात गोंधळ असतो. पुढील उत्तरे ज्यांनी आजवर पॉलिशरला हातही लावलेला नाही त्यांच्यासाठी आहेत.

उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. ते खरोखर गोल असतात का?

नाही. ते ओरखडे सर्व दिशांना विखुरलेले, बारीक आणि बहुधा सरळ असतात. परंतु त्यांपैकी जे प्रकाशाच्या दिशेला काटकोनात येतात तेवढेच चमकतात आणि त्यामुळे प्रकाशबिंदूभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. दिवा सरकवला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. ट्यूबलाइटच्या पसरलेल्या उजेडात हेच ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून गाडी तपासताना स्वच्छ ऊन किंवा एकाच बिंदूतून प्रखर प्रकाश टाकणारी एलईडी टॉर्च वापरावी.

गाडी तर रोज पुसतो, मग ओरखडे पडतात कसे?

रोज पुसल्यामुळेच पडतात. सकाळी कोरड्या फडक्याने किंवा जुन्या बनियनने गाडी पुसण्याची आपल्याकडील सवय हे या ओरखड्यांचे सर्वांत मोठे कारण आहे. खानापूर, जांबोटी आणि चोर्ल्याकडून येणाऱ्या गाडीवर जांभ्या दगडाची तांबडी धूळ बसलेली असते. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी चिपाडाची काजळी बॉनेटवर येऊन बसते. ही धूळ आणि काजळी पाण्याने न भिजवता कापडाने घासली की प्रत्येक कण रंगावर एक रेघ ओढतो. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी सगळ्या गाड्यांना फिरणारा एकच स्पंज आणि तळाशी गाळ साचलेली एकच बादली हे दुसरे कारण. गाडीला घातलेले कापडी आच्छादनही, आत धूळ शिरून वाऱ्याने हलत राहिले, तर तेच काम करते. हे अनेकांना पटत नाही, पण आच्छादन काढून दाराच्या वरच्या कडा टॉर्चखाली पाहिल्या म्हणजे खात्री पटते.

पॉलिश केल्याने रंग कमी होतो का?

होतो, आणि हे समजल्याशिवाय मशिन हातात घेऊ नये. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असतो. या सर्वांची एकत्रित जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या आसपास भरते, आणि त्यातील क्लिअर कोट ढोबळमानाने ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. ओरखडे याच पारदर्शक थराच्या पृष्ठभागावर असतात. पॉलिशमधील बारीक अपघर्षक कण ओरखड्याच्या आजूबाजूचा भाग खाली उतरवतात, त्यामुळे ओरखड्याचा तळ आणि भोवतालचा पृष्ठभाग एका पातळीला येतो. म्हणजे ओरखडा भरला जात नाही. त्याच्या शेजारचा क्लिअर कोट काढला जातो.

कंपाउंडच्या, म्हणजे जोरदार कापणाऱ्या पॉलिशच्या, एका टप्प्यात साधारण एक ते तीन मायक्रॉन जातात, बारीक पॉलिशच्या टप्प्यात त्याहून कमी. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी द्रव्ये असतात. हा थर फार पातळ झाला की काही वर्षांच्या उन्हात तो पांढुरका पडतो, पापुद्रे सुटतात, आणि मग पॉलिशने नव्हे तर नव्याने रंग देऊनच ते सुधारता येते. म्हणून खोल ओरखड्याच्या मागे लागून शंभर टक्के निर्दोष पृष्ठभाग मिळवण्याचा आग्रह आम्हाला चुकीचा वाटतो. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीवरील सत्तर-ऐंशी टक्के ओरखडे गेले तरी डोळ्याला ती नवी दिसते, आणि उरलेला क्लिअर कोट पुढील वर्षांसाठी शिल्लक राहतो.

कोणता ओरखडा जाईल आणि कोणता जाणार नाही, हे कसे ओळखावे?

ओरखड्यावरून नख हलकेच आडवे फिरवावे. नख अडकत असेल तर तो ओरखडा पूर्ण काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याच्या कडा बोथट करून तो कमी दिसेल एवढेच पाहावे. तळाशी पांढरा किंवा राखाडी प्रायमर दिसत असेल तर पॉलिशचा प्रश्नच संपतो.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र घ्यावे का?

नव्या गाडीसाठी, आणि हलक्या पॉलिशवर थांबणार असाल तर, ते अत्यावश्यक नाही. परंतु जुनी गाडी विकत घेतली असेल तर ते कोठूनतरी मिळवून सर्व भाग मोजावेत. दर पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजून नोंद ठेवावी. एखाद्या दारावर २५०-३०० मायक्रॉनच्या पुढे आकडा आला तर तेथे दुसऱ्यांदा रंगकाम झाले आहे आणि कदाचित खाली पुट्टीही आहे असे समजावे. ८० मायक्रॉनच्या खाली आकडा दिसला तर त्या भागाला अगदी हलके पॉलिश द्यावे किंवा सोडून द्यावे. यंत्र एकूण जाडी सांगते, क्लिअर कोटची वेगळी नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुट्टीमुळे मोठा आकडा आला म्हणून वरचा थर जाड आहे असे होत नाही. नेहमीची यंत्रे लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चालतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर ती काही सांगत नाहीत.

पहिले मशिन कोणते घ्यावे?

ड्युअल ॲक्शन, ज्याला सगळे डीए म्हणतात, तेच. त्यातील पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी लहान वर्तुळात डोलते. बहुतेक डीए मशिनमध्ये पॅडचे फिरणे मोकळे असते. जास्त दाब पडला किंवा पॅड तिरके झाले तर फिरणे थांबते. ही गोष्ट नवशिक्याला त्रासदायक वाटते, पण तीच त्याची सुरक्षा आहे, कारण एका जागी उष्णता साचून रंग जळण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ कमी होते. गॅरेजमध्ये दिसणारे रोटरी मशिन एकाच अक्षावर जोराने फिरते, वेगाने कापते आणि नवख्या हातात कडेचा रंग काही सेकंदांत उडवू शकते.

पॅड किती मिलिमीटर डोलते याला थ्रो म्हणतात. ८ मिलिमीटरचे मशिन सौम्य पण संथ असते. २१ मिलिमीटरचे मोठ्या सपाट बॉनेटवर झपाट्याने काम करते, पण वळणदार भागावर अडखळते. पाच इंची प्लेटचे (पॅड ज्या चकतीवर बसते ती प्लेट), १५ मिलिमीटर थ्रोचे मशिन पहिल्या गाडीसाठी योग्य. अशी मशिन साधारण ५०० ते ९०० वॅटची असतात, त्यामुळे घरच्या नेहमीच्या प्लगवर चालतात. मात्र लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर ती चालवू नयेत. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकावी, म्हणजे ती पत्र्यावर घासत नाही.

पॅड आणि पॉलिश यांच्या इतक्या जाती आहेत. त्यातून निवड कशी करायची?

पॅडच्या रंगावर जाऊ नये. एका कंपनीचे नारिंगी पॅड कापणारे असते तर दुसऱ्या कंपनीचे मध्यम. पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग यांपैकी काय लिहिले आहे ते वाचावे. फोमचे पॅड सौम्य, मायक्रोफायबरचे अधिक कापणारे, लोकरीचे त्याहून अधिक, असा साधारण क्रम आहे. द्रव्यांचेही तसेच: मेन्झर्ना ४०० हे जोरदार कापणारे कंपाउंड आहे, मेग्वायर्सचे एम २०५ हे शेवटचा हात फिरवण्याचे बारीक पॉलिश आहे, आणि या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक कंपनीची मधली द्रव्ये असतात. पहिल्या खेपेला एक मध्यम पॉलिश, एक बारीक पॉलिश, आणि मध्यम व मऊ फोमची मिळून निदान सहा पॅडे पुरतात. पैसे वाचवायचे असतील तर बाटल्यांत वाचवावेत, पॅडांत नाही. दोन पॅडांवर अख्खी गाडी ओढली की शेवटच्या दारापर्यंत ती तापून, भिजून निकामी झालेली असतात.

दुकानात ‘स्क्रॅच रिमूव्हर’ म्हणून मिळणाऱ्या काही द्रव्यांत तेले व भराव असतात. ओरखडे गेल्यासारखे वाटतात आणि चार धुण्यांनंतर परत दिसू लागतात.

पॉलिशच्या आधी गाडी कशी तयार करावी?

हा भाग लोक घाईने उरकतात आणि नंतर मशिनला दोष देतात. प्रथम पाण्याच्या फवाऱ्याने सर्व सुटी माती काढावी. दारांच्या खालच्या पट्ट्या आणि चाकांच्या कमानी येथे तांबडी माती घट्ट बसलेली असते, ती भिजू द्यावी. त्यानंतर कार शाम्पूने, एक बादली साबणाची आणि एक केवळ हातमोजा खळबळण्याची अशा दोन बादल्या घेऊन, वरून खाली धुवावे. भांड्यांचा साबण नेहमीच्या धुण्याला वापरू नये.

उद्यमबागेत फाउंड्र्यांच्या किंवा रेल्वेमार्गाच्या आसपास गाडी उभी राहत असेल तर रंगात लोखंडाचे सूक्ष्म कण रुतलेले असतात. पांढऱ्या गाडीवर ते गंजाच्या ठिपक्यांसारखे दिसतात. आयर्न रिमूव्हर फवारला की ते जांभळे होऊन ओघळू लागतात. हे द्रव्य सावलीत, थंड पत्र्यावर, हातमोजे घालून वापरावे आणि वाळण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवावे. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा. धुतलेल्या पत्र्यावरून प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घातलेली बोटे फिरवून पाहावीत. खरखर जाणवली तर वंगण म्हणून शाम्पूचे पाणी भरपूर वापरून क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवावा. तो जमिनीवर पडला तर टाकून द्यावा, कितीही जीवावर आले तरी.

बोअरवेलच्या पाण्याचे वाळलेले पांढरे डाग क्लेने जात नाहीत. पांढरे व्हिनेगर आणि साधे पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, एक-दोन मिनिटेच ठेवून धुतल्यास ताजे डाग निघतात. जुने डाग क्लिअर कोटमध्ये खोल गेलेले असतील तर ते पूर्ण निघतीलच असे नाही.

शेवटी रबराच्या पट्ट्या, रंग न दिलेले काळे प्लॅस्टिक, लोगो आणि पत्र्याच्या तीक्ष्ण कडा मास्किंग टेपने झाकाव्यात. काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे पॉलिश वाळले की ते काढणे पॉलिश करण्यापेक्षा अवघड असते.

काम कोठे आणि कधी करावे?

सावलीत, थंड पत्र्यावर, वाऱ्याने धूळ उडणार नाही अशा जागी. मार्च ते मेमध्ये सकाळी लवकर सुरू करून दहा-साडेदहाला थांबावे. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या पश्चिमेकडील घाटपट्ट्यात, बंद शेड नसेल तर हे काम हाती घेऊच नये.

टेस्ट स्पॉट म्हणजे काय, आणि तो टाळला तर चालेल का?

टाळू नये. बॉनेटवर किंवा डिकीवर साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोन टेपने आखावा आणि तेथे सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने, सुरुवात करावी. टॉर्चखाली पाहावे. समाधान झाले तर सर्व गाडीला तीच जोडी. नाही झाले तर पॅड तेच ठेवून द्रव्य एक पायरी वर न्यावे, मग पॅड बदलावे. प्रत्येक कंपनीच्या रंगाचा कठीणपणा निराळा असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी आपल्या गाडीवर चालेलच असे नाही, आणि व्हिडिओत पाहिलेली तर मुळीच गृहीत धरू नये.

प्रत्यक्ष मशिन कसे चालवावे?

नव्या पॅडवर प्रथम थोडे पॉलिश बोटाने सर्वत्र चोळून ते ओलसर करावे. त्यानंतर दर चौकोनासाठी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशिन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवून थेंब चार ठिकाणी ठिपकवावेत आणि मग, पॅड पत्र्यावर टेकलेलेच असताना, सर्वांत कमी वेगावर सुरू करून ते पसरावेत. हवेत सुरू केले तर पॉलिश भिंतीवर, काचेवर आणि चष्म्यावर उडते.

पसरल्यावर मशिनवरील वेगाचा आकडा चार-पाचवर आणावा आणि सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे मशिन सरळ रेषेत न्यावे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा निम्मा भाग झाकेल अशी घ्यावी. एकदा आडव्या ओळी, एकदा उभ्या, असे मिळून चार फेरे करावेत. नवशिक्याचा हात हमखास येथे सुटतो: मशिन फरशी पुसल्यासारखे भराभर फिरवले जाते आणि पॉलिशमधील कणांना कापायला वेळच मिळत नाही. प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढावी. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थबकली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरके झाले आहे. दाब मशिनच्या वजनापेक्षा किंचित अधिक असावा, खांद्याने रेटू नये. शेवटचा फेरा दाब न देता करावा.

थांबताना मशिन पत्र्यावर असतानाच बंद करावे. उरलेले पॉलिश स्वच्छ, आखूड केसांच्या मायक्रोफायबरने टिपून घ्यावे आणि लगेच नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडावे, कारण निघालेला क्लिअर कोट आणि वापरलेले पॉलिश पॅडवर साचले की पुढच्या चौकोनात तेच नवे ओरखडे पाडतात. दर दोन पॅनेलांनंतर पॅड बदलावे. पत्र्याला मधूनमधून हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. नाकावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा असावा, कारण वाळलेल्या पॉलिशची भुकटी दिवसभर हवेत असते.

ओरखडे गेले, पण पृष्ठभाग धुरकट दिसतो. काय झाले?

कापणाऱ्या पॅडने स्वतःचे अतिसूक्ष्म ओरखडे मागे ठेवले आहेत. मऊ रंगावर, विशेषतः काळ्यावर, हे फार दिसते. मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन हलक्या हाताने दुसरा टप्पा केला की धुरकटपणा जातो. गॅरेजमधून रोटरीने पॉलिश करून आणलेल्या गाडीवर उन्हात सरकणाऱ्या लाटांसारखे पट्टे, म्हणजे होलोग्राम, दिसतात; त्यांवरही हाच उपाय आहे.

कडा, बंपर आणि दारांच्या उभ्या घड्या यांचे काय?

कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तेथे एकवटतो, म्हणून कडेपासून एक सेंटिमीटर दूर राहावे आणि उरलेले हाताने करावे. बंपरचे प्लॅस्टिक उष्णता पत्र्यासारखी पसरू देत नाही. तेथे वेग एक पायरी कमी ठेवावा.

वडिलांची जुनी ॲम्बेसेडर आहे. पॅडवर गाडीचाच रंग येतो, हे बिघडल्याचे लक्षण आहे का?

अशा जुन्या गाड्यांवर बहुधा वेगळा क्लिअर कोट नसतो. रंग आणि चकाकी एकाच थरात असते, म्हणून पॅड रंगते. ते स्वाभाविक आहे, परंतु पॅड वारंवार स्वच्छ करावे लागते. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर मात्र पॅडवर गाडीचा रंग दिसू लागला तर त्या क्षणी थांबावे. नुकतेच डेंटिंग-पेंटिंग झालेल्या भागाला रंग पूर्ण वाळून मुरेपर्यंत हात लावू नये. किती थांबायचे ते रंग देणाऱ्या कारागिरालाच विचारावे, कारण भट्टीत वाळवलेल्या आणि नुसत्या हवेवर वाळलेल्या रंगात मोठा फरक असतो.

काम खरोखर झाले आहे, हे कसे तपासावे?

आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, १० ते २० टक्के एवढेच सौम्य करून, फडक्यावर घेऊन पुसावे. पॉलिशमधील तेल निघून जाते आणि टॉर्चखाली खरा पृष्ठभाग दिसतो.

नंतर वॅक्स लावावे, सीलंट लावावे की सिरॅमिक कोटिंग?

पॉलिश केलेला पृष्ठभाग उघडा ठेवू नये एवढे निश्चित. वॅक्स लावायला सोपे, पण आपल्या उन्हापावसात काही आठवडेच टिकते. सीलंट, म्हणजे वॅक्ससारखेच पण कृत्रिम संरक्षक द्रव्य, काही महिने टिकते. सिरॅमिक कोटिंग वर्षांच्या हिशेबात टिकते, परंतु त्याखाली राहिलेला दोषही तितकाच काळ टिकतो, आणि लावताना पुसायला उशीर झाला तर त्याचे डाग पॉलिशनेच काढावे लागतात. पहिल्या गाडीला आम्ही सीलंट सुचवू. सिरॅमिकमुळे ओरखडे पडतच नाहीत हा समज दुकानदारांनी पसरवला आहे. कोरडा फडका तेथेही रेघा ओढतोच.

पांढऱ्या गाडीला एवढी मेहनत करण्यात अर्थ आहे का?

ओरखड्यांपुरता विचार केला तर फारसा नाही. ते पांढऱ्यावर सहजासहजी दिसत नाहीत. स्वच्छ धुणे, लोखंडाचे कण काढणे, क्ले आणि एक बारीक पॉलिश एवढ्यावर थांबावे. काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाड्यांना मेहनतीचे फळ दिसते.

खंडेनवमीला गाडीची पूजा करतो. पॉलिश केलेल्या गाडीवर काही काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते, आणि थोडीच. ओले हळद-कुंकू रंगावर तासन्‌तास उन्हात राहिले तर, विशेषतः फिकट गाडीवर, डाग धरते. म्हणून ते काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावावे. झेंडूचा हार ग्रीलला बांधून गाडी महामार्गावर नेली की दोरा आणि देठ वाऱ्याने बॉनेटवर आपटत राहतात. पूजा झाल्यावर घराभोवती एक फेरी मारून हार उतरवावा. नारळ गाडीपासून दूर फोडावा, कारण उडालेल्या करवंटीची खूण पॉलिशने निघण्यासारखी नसते.

यानंतर गाडी रोज कशी पुसायची?

रोज पुसायची नाही. आठवड्यातून एकदा, आधी पाण्याने धूळ उतरवून, दोन बादल्यांच्या पद्धतीने धुवावी आणि मोठ्या, दाट केसांच्या मायक्रोफायबर टॉवेलने पाणी टिपून घ्यावे, घासू नये. पाण्याची टंचाई असेल तेव्हा धूळ तशीच राहू द्यावी. पक्ष्याची विष्ठा किंवा झाडाखाली पडलेला चीक मात्र त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढावा, कारण तो क्लिअर कोटमध्ये उतरतो. मायक्रोफायबरची कापडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. सुती कपड्यांचे तंतू त्यांत अडकतात आणि फॅब्रिक सॉफ्टनरने त्यांची टिपण्याची शक्ती जाते.

सर्व गाडीला किती वेळ लागेल?

धुण्यापासून सीलंटपर्यंत मध्यम आकाराच्या गाडीला नवशिक्याचे दोन पूर्ण दिवस जातात. पहिल्या दिवशी धुणे, क्ले, टेप आणि टेस्ट स्पॉट एवढेच ठरवावे. दुसऱ्या दिवशी दम लागला आणि मागची दोन दारे राहिली, तर ती पुढच्या रविवारी करावीत. अर्धवट पॉलिश केलेली गाडी आठवडाभर चालवल्याने काही बिघडत नाही, दमलेल्या हाताने कडेवर टेकलेल्या मशिनने मात्र बिघडते.